आघात की अत्याचार?

मराठीत अलीकडे 'ट्रॉमा' या शब्दासाठी 'आघात' हा प्रतिशब्द रूढ होतो आहे. मोबाइलवरून मानसिक मदत देणाऱ्या संस्थांची पत्रके, समुपदेशनाच्या पुस्तिका, सामाजिक कार्य महाविद्यालयांतली टिपणे यांतून तो सर्रास भेटतो. 'आघातग्रस्त', 'आघातोत्तर ताण' आणि आता 'आघाताची जाण असलेले समुपदेशन'. समीक्षकाने या शब्दांत का लक्ष घालावे, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. दलित साहित्याचा गेल्या पन्नास वर्षांचा सगळा व्यवहार ज्या अनुभवाशी आहे, त्याच अनुभवाला आता दुसरे एक शास्त्र नाव देऊ लागले आहे. नाव देणारा कोण, आणि नाव दिल्यावर त्या अनुभवातले काय उरते व काय गळते, हे पाहणे हे समीक्षेचेच काम होय.

प्रथम शब्दच घेऊ. 'माझ्यावर आघात झाला' या वाक्याला व्याकरणाने कर्ता आहे. तो म्हणजे खुद्द आघात. करणारा माणूस मात्र वाक्याबाहेर आहे. 'माझ्यावर अत्याचार झाला' या वाक्याची घडणही तशीच; पण तेथे ऐकणाऱ्याच्या तोंडी लगेच येते, 'कोणी केला?' आघात म्हटले की तो विचारतो, 'कशाचा?' वीज पडते, पूर येतो, गाडी उलटते, तसा आघात होतो. १९८९ च्या कायद्याचे नाव अत्याचार प्रतिबंधक आहे, आघात प्रतिबंधक नाही. कारण त्या कायद्याला आरोपी लागतो. शब्दाच्या या एका बदलात आरोपी सुटतो, आणि उरते ती फक्त जखमी व्यक्ती, तिचे मन, तिची झोप, तिची धडधड.

'समुपदेशन' या शब्दाबद्दलही एक सांगून टाकतो. त्याच्या पोटात 'उपदेश' बसलेला आहे. आमच्या माणसांना हजारो वर्षे उपदेशाची कधी उणीव पडली नाही. ऐकून घेणारा मिळाला नाही, ही तक्रार आहे. असो.

हे शास्त्र आले कोठून? अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत 'आघातोत्तर ताण' हा विकार प्रथम नोंदवला. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांनी आणि स्त्रीमुक्तीवाल्यांनी केलेल्या दडपणाचा त्यात मोठा वाटा होता. म्हणजे ही नोंदसुद्धा चळवळीची कमाई आहे, हे विसरू नये. पण त्या व्याख्येत एक अट होती. ती घटना माणसाच्या नेहमीच्या अनुभवाच्या बाहेरची असली पाहिजे. ही अट वाचून गावकुसाबाहेरचा माणूस हसेल. नेहमीचा अनुभव कोणाचा? ज्याच्या घरी अपमान रोजच्या भाकरीबरोबर येतो, त्याच्या बाबतीत ही व्याख्या सांगते की तुझे दुःख नेहमीचे असल्यामुळे ते मोजता येत नाही. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीतून ही अट गेली. पुढे २०१४ साली अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्यातील एका संस्थेने 'आघाताची जाण' असलेल्या कामाची सहा तत्त्वे मांडली. सुरक्षितता, विश्वास, समदुःखितांचा आधार, सहकार्य, सक्षमता ही पाच. आणि सहावे, संस्कृती, इतिहास व लिंगभेद यांचे भान. इतिहास सहाव्या क्रमांकावर आला, पण आला.

आपल्याकडे या कामाची परंपरा अगदीच उसनी नाही. मुंबईत १९३६ साली टाटांच्या नावाने सामाजिक कार्याची पहिली पदव्युत्तर शाळा निघाली. नागपाड्याच्या कामगारवस्तीत काम केलेले क्लिफर्ड मॅनशार्ट तिचे पहिले संचालक. दुसऱ्याच वर्षी त्या शाळेने मुलांसाठी मार्गदर्शन चिकित्सालय उघडले. म्हणजे मनाचा उपचार आणि वस्तीतले काम यांची गाठ सुरुवातीलाच पडली होती. डॉक्टर रोगाकडे पाहतो, आणि सामाजिक कार्यकर्ती रोग्याच्या घराकडे, पगाराकडे, शेजाराकडे पाहते, ही तिची ओळख. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा शिक्षित कार्यकर्तीला तज्ज्ञाचा दर्जा दिला, आणि त्याच कायद्याच्या कलम १८ ने या सेवेत जातीवरून भेद करता येणार नाही असे बजावले. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक देशभर सुरू झाला. फुकट आहे, आणि मराठीतून बोलता येते. खाजगी समुपदेशक पडद्यावर भेटतात. त्यांच्या एका तासाची फी शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीला भारी पडते.

मी प्रकाशा येथे राहतो. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे हे गाव. भाविक याला दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर अशी देवळे आहेत. १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याने इथले पांढरीचे टेकाड खणले, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. एवढ्या जुन्या गावाला मानसोपचाराचा दवाखाना नाही. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात शंभरातली जवळजवळ सत्तर माणसे आदिवासी होती. ऊसतोडीच्या दिवसांत गुजरातकडे जाणारी बिऱ्हाडे याच रस्त्याने जातात. अशा ठिकाणी पडद्यावरचा दवाखाना म्हणजे चैन नव्हे. कित्येकदा तोच एक दवाखाना असतो. म्हणून त्याला उडवून लावणारी टीका मला करायची नाही.

आमच्या वस्तीतली एक मुलगी शिक्षणासाठी मोठ्या शहरात गेली आणि तिसऱ्या सत्रात घरी परत आली. वसतिगृहात तिच्या राखीव जागेवरून काय बोलले जाई, तिच्या पाण्याच्या बाटलीला कोण हात लावत नसे, प्रात्यक्षिकाच्या गटातून तिला कसे वगळले, हे तिने घरी महिनाभर सांगितले नाही. जेवणे सुटले, झोप सुटली. तिच्या मैत्रिणीने एका धर्मादाय संस्थेमार्फत समुपदेशक मिळवून दिली. एमएसडब्ल्यू झालेली, मनोविकाराच्या क्षेत्रातले पुढचे शिक्षण घेतलेली, 'आघाताची जाण' असे आपल्या कामाचे वर्णन करणारी. मुलीच्या घरी एकच खोली. माझ्या घरी मागची खोली आणि इंटरनेट आहे म्हणून दर गुरुवारी ती माझ्याकडे येई. तिची आजी बाहेर ओट्यावर बसे. मी आत नसे. खाली लिहितो आहे ते तिने नंतर आपणहून सांगितलेले आहे, आणि हा मजकूर तिने वाचल्यावरच छापायला देतो आहे.

दुसऱ्या की तिसऱ्या बैठकीत ताईंनी तिला डोळे मिटायला सांगितले. एक सुरक्षित जागा मनात आण. तुझ्या गावाला नदी आहे ना, घाटावर बसली आहेस अशी कल्पना कर, पाणी संथ वाहते आहे. मुलगी डोळे मिटून बसली, आणि तिचा श्वास अडकला. तिने ते सांगितलेही नाही. 'बरं वाटलं' म्हणाली. मोठ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून खोटे बोलण्याची सवय आमच्या मुलांना शाळेपासून असते.

आता याची समीक्षा करावी लागेल. संथ पाणी ही मराठी मध्यमवर्गीय कवितेने शंभर वर्षे घोटलेली प्रतिमा आहे. नदीकाठ, सांज, घाट, दिवे. ही प्रतिमा ज्याला शांत करते त्याच्या पूर्वजांना त्या घाटावर उतरायला कोणी अडवलेले नसते. आमच्या स्मृतीत पाणी वेगळे आहे. पाणी म्हणजे वरून ओतलेले, ओंजळीत धरलेले, दुसऱ्याच्या मर्जीवर थांबून राहिलेले. पाणी म्हणजे २० मार्च १९२७, महाडचे चवदार तळे, आणि त्यानंतर परतणाऱ्यांच्या डोक्यावर पडलेल्या लाठ्या. तापीच्या पाण्याला जात नव्हती, घाटाला होती. त्या मुलीला हे सगळे पाठ होते असे नाही. तिला आपली बाटली आठवली, एवढेच. पण बाटलीच्या मागे तळे उभे आहे. समुपदेशकाने हा इतिहास जाणला नाही, तर तिची सुरक्षित जागाच असुरक्षित होऊन बसते. यात ताईंचा दुष्टपणा मुळीच नाही. त्यांच्या पुस्तकातली प्रतिमासृष्टी एका वर्गाची आहे, आणि ती सर्वांची आहे असे त्या पुस्तकाला वाटते. प्रस्थापित साहित्याबद्दल आपण १९७० पासून हेच म्हणत आलो.

आणखी एक भाषेची गोष्ट. या पद्धतीत अभिमानाने सांगितले जाते की आम्ही रुग्णाला 'तुझ्यात काय बिघडले आहे' असे विचारत नाही, 'तुझ्या बाबतीत काय घडले' असे विचारतो. इंग्रजीत हा फरक मोठा असेल. मराठीत दोन्ही प्रश्न 'तुला काय झालंय?' या एकाच वाक्यात मावतात. तापालाही तेच, दंगलीलाही तेच. मुलगी तीन बैठका प्रमाण मराठीत उत्तर देत राहिली: 'काही नाही, जरा टेन्शन आहे.' चौथ्या वेळी ताईंनी विचारले, घरी कोणती भाषा बोलता? अहिराणी, ती म्हणाली. मग अहिराणीत बोल, मला अर्धे कळेल, उरलेले तू समजावून सांग. हे त्या बाईंचे मोठेपण. त्या दिवशी बैठक संपल्यावर ओट्यावर बसलेल्या आजीने नातीला जवळ घेतले आणि विचारले, 'कोनी काय करं तुले, माय?'

कोणी काय केले तुला? हा तिसरा प्रश्न आहे. तो कोणत्याही पुस्तिकेत मला दिसला नाही. त्यात 'कोणी' आहे, 'केले' आहे आणि 'तुला' आहे. पुढच्या गुरुवारी मुलीने तोच प्रश्न ताईंना सांगितला, आणि त्यांनी तो वहीत लिहून घेतला, असे ती म्हणाली.

आजीला हा प्रश्न कोणी शिकवला नाही. पण आपल्या वाङ्मयात त्याचा सर्वांत थोर वापर बाबासाहेबांनी केला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे आठवणींचे छोटे टिपण १९३५-३६ च्या सुमाराचे. पुस्तिका म्हणून ते १९९० साली छापले गेले. त्यात १९१७ मधली बडोद्याची हकिकत आहे. पारशी म्हणून नाव सांगून एका पारशी मुसाफिरखान्यात राहिलेल्या त्या परदेशी पदवीधराला काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. अठरा वर्षांनंतरही ती आठवण डोळ्यांत पाणी आणल्याशिवाय येत नाही, अशी कबुली त्यांनी दिली आहे. निदानपुस्तिका उघडून कोणीही या वाक्यापुढे खूण करील: आठवण पुन्हा पुन्हा येणे, वर्षे लोटूनही तीव्रता न ओसरणे. खूण चुकीची नसेल. पण त्याच टिपणात आमच्या खानदेशातली हकिकतही आहे, आणि मला ती अधिक बोलकी वाटते. १९२९ साली धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. पाहुण्याला पायी न्यावे हे वस्तीतल्या लोकांना पटेना. म्हणून टांगा भाड्याने घेऊन आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसवला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले.

दवाखान्याच्या कागदावर याची नोंद काय होईल? टांग्याचा अपघात. आघात म्हणा हवे तर. चूक कोणाची? नवशिक्या हाकणाऱ्याची. बाबासाहेबांनी मात्र वाक्याचा कर्ता शोधून काढला. बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षाही स्वतःला उच्च मानणारा टांगेवाला, आणि त्याला तसे मानायला शिकवणारी व्यवस्था. हाकणाऱ्या भावावर त्यांनी दोष टाकला नाही. त्याच्या मायेतूनच हाड मोडले हेही लपवले नाही. दुखणे आणि दुखणे देणारा यांची एका हकिकतीत अशी नेमकी मांडणी मी कोणत्याही केस-नोंदीत वाचलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, मग समुपदेशक कशाला, आत्मकथन लिहा. हे मला मान्य नाही. आपल्या समीक्षेने 'वेदना, विद्रोह, नकार' ही त्रयी इतकी घोकली की वेदना हेही 'आघाता'सारखेच कर्ता नसलेले नाम होऊन बसले. आपण आत्मकथनांची संख्या मोजली. लिहिणाऱ्याला रात्री झोप लागते का, हे विचारले नाही. 'बलुतं' १९७८ मध्ये आले, 'उपरा' १९८० मध्ये, 'अक्करमाशी' १९८४ मध्ये. या पुस्तकांनी समाजापुढे साक्ष दिली, पण साक्ष देणाऱ्याला साक्षीनंतर घरी जायचे असते. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' मधले लेखन वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून केले. ते १९८६ साली पुस्तक झाले. म्हणजे चळवळीच्या घरातही बाईला बोलायला दार लावून घेतलेली जागा मिळत नव्हती. चळवळ सभेत बोलायला शिकवते. अंधारात, एकटीने, रडत बोलायला कोण शिकवणार? त्या मागच्या खोलीची गरज खरी आहे.

प्रश्न त्या खोलीच्या दुसऱ्या दाराचा आहे. आमच्या शहादा तालुक्याचे कवी वाहरू सोनवणे श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते. त्यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ चा. त्यांची 'स्टेज' नावाची कविता दूरवर पोचली आहे. आदिवासीचे दुःख मंचावर बसलेले लोक आदिवासीलाच समजावून सांगतात आणि तो खाली बसून ऐकतो, हा तिचा विषय. मोबाइलचा पडदा हा नवा मंच आहे काय? होऊ शकतो. पलीकडे बसलेली व्यक्ती माझ्या दुःखाचे नाव, प्रकार आणि क्रमांक मला सांगते, तेव्हा तो मंचच असतो. पण याच तालुक्यात १९७२ नंतर दुसरेही घडले. अंबरसिंग सुरतवंती यांच्या साथीने उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेच्या शिबिरांत आदिवासी बाया एकमेकींना नवऱ्याच्या माराविषयी सांगू लागल्या, आणि सांगून झाल्यावर उठून दारूची मडकी फोडायला गेल्या. मारणाऱ्याला चारचौघांत जाब विचारला. 'समदुःखितांचा आधार' हे २०१४ मधले तत्त्व त्या बायांना तेव्हाच ठाऊक होते. त्यांच्या बोलण्याला बाहेर पडण्याचे दार होते.

अलीकडचे उदाहरण दोन आयांचे. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. जळगावकडची आदिवासी तडवी समाजातली डॉक्टर पायल २२ मे २०१९ रोजी मुंबईत गेली. त्याच वर्षी राधिका वेमुला आणि आबेदा तडवी यांनी मिळून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की उच्च शिक्षणसंस्थांतला जातिभेद रोखणारे नियम प्रत्यक्षात आणा. या आयांना दुःखातून 'बाहेर या' असे सांगणारे पुष्कळ भेटले असतील. त्या बाहेर आल्या, पण न्यायालयाच्या पायरीवर. जी उपचारपद्धती या पायरीला बरे होण्याचा भाग मानत नाही, तिला आमच्या दुःखाची अर्धीच जाण आहे.

म्हणून आमच्या मुलीची पुढची हकिकत मला महत्त्वाची वाटते. आठ-नऊ बैठकांनंतर तिला महाविद्यालयात द्यायला कागद हवा होता. २०१७ च्या कायद्यातील कलम २५ प्रमाणे आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क आहे, हे तिला माझ्याकडून कळले. मागण्याचे धाडस तिचे. संस्थेकडून सारांश आला. त्यात लिहिले होते: शैक्षणिक ताण, समायोजनाच्या अडचणी, झोपेची तक्रार, सुधारणा समाधानकारक. एका पानाच्या त्या कागदावर 'जात' हा शब्द नव्हता. नऊ गुरुवार ज्याबद्दल बोलली, तेच नव्हते. 'समायोजन' म्हणजे काय? कोणी कोणाशी जुळवून घ्यायचे होते?

ती चिडली. माझ्या मते तिच्या प्रकृतीत खरी सुधारणा त्या दिवशी दिसली. तिने ताईंना विचारले, मी जे सांगितले ते इथे का नाही? ताई म्हणाल्या, संस्थेचा नमुना ठरलेला असतो, त्यात तो रकाना नाही. मुलगी म्हणाली, मग रकान्याबाहेर लिहा. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, असे ती सांगते. पडद्यावर माणूस गप्प राहिला की वाटते इंटरनेट गेले. नंतर त्यांनी होकार दिला. दुसरा कागद आठ दिवसांनी आला. त्यात वसतिगृहातील वागणुकीचा उल्लेख आहे, ती वागणूक जातीवरून होती असे रुग्णाने सातत्याने सांगितल्याची नोंद आहे, आणि त्रासाची सुरुवात त्या वागणुकीपासून झाली असे कार्यकर्तीचे मत सहीनिशी दिले आहे.

तो कागद जोडून तिने तक्रार दिली आहे. चौकशीची तारीख लागायची आहे. ताईंनी आपणहून सांगितले आहे की बोलावले तर समितीपुढे येऊन सांगेन, पडद्यावरून नव्हे. गुरुवारच्या बैठका चालू आहेत. आजी अजून ओट्यावर बसते, पण परवा तिने मला विचारले की आत बसले तर चालेल का, म्हणून मी मागच्या खोलीत दुसरी खुर्ची टाकली आहे.